दारात येणाऱ्या गाड्या: गारीगारवाला, पाववाला, दूधवाला... लिहा तुमचेही अनुभव

मोगरा
परवा कामासाठी मिरजेला गेले होते. येताना रिक्षा सिग्नलला थांबली आणि कडेच्या भंगाराच्या ढिगात एक तीनचाकी सायकल दिसली, पुढं पत्र्याची मोठी पेटी असलेली. आइस्क्रीमची गाडी हो! निळा रंग पार उडालेला पण पेटीवरचा पेंग्विन शाबूत. रिक्षावाल्याला म्हटलं जरा बाजूला घ्या, तर सिग्नल सुटला आणि मागनं हॉर्न सुरू, फोटो काही काढता आला नाही.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. आम्ही सांगलीत गावभागात राहायचो, वाड्यात सहा बिऱ्हाडं. मे महिन्यात दुपारी सगळा वाडा आडवा झालेला असायचा आणि गल्लीच्या तोंडाला रबरी भोंगा वाजायचा. आमच्याकडं यायचा तो साध्या सायकलवाला, कॅरियरला लाकडी पेटी, आतून पत्रा मारलेला, झाकणाखाली गोधडीचं फडकं. लाल किंवा केशरी गारीगार दहा पैशाला, दुधाचं चाराण्याला. दहा पैसे म्हणजे ते कंगोऱ्याचं ॲल्युमिनियमचं नाणं, नव्या पोरांनी बघितलं पण नसेल. दुधाचं मिळायचं फक्त रिझल्टच्या दिवशी, ते पण आजोबा खुशीत असले तर. रंग आधी चोखून संपायचा आणि हातात नुसती पांढरी कांडी उरायची, ती एकमेकांच्या पाठीत टाकायची. तासगावला मामाकडं गेलं की पैसे पण लागायचे नाहीत, ओंजळभर शेंगा दिल्या की गारीगार.

एक गोष्ट मात्र आता लागते मनाला. एवढी वर्षं तो माणूस दारात आला, आणि आमच्या वाड्यात एकालाही त्याचं नाव माहीत नव्हतं. 'ओ गारीगार' म्हणूनच हाक. दूधवाला, पाववाला, रॉकेलवाला, सगळ्यांचं तेच.

चला, लिहा. गारीगारच पाहिजे असं काही नाही. दारात जे जे यायचं ते चालेल, सायकल, हातगाडी, टेंपो, बैल, काहीही.

बोगद्याखालचा
सातारा. आमच्याकडं गाडी यायची नाही, आणावी लागायची. राजवाड्यापासनं बोगद्याकडं नुसता चढच चढ, आणि गोळेवाल्याच्या हातगाडीवर बर्फाची लादी, सरबताच्या बाटल्या, किसणी, पाण्याची बादली, एकट्या माणसाला ओढायचं काम नव्हतं ते. तो खालनंच ओरडायचा, 'हात लावा रे पोरांनो', की आम्ही चौघं-पाचजण धावत. वर पोचल्यावर मजुरी म्हणजे मूठभर कीस आणि त्यावर कालाखट्ट्याचे दोन थेंब. पूर्ण गोळा कधीच नाही! लई हिशोबी माणूस. कुणी म्हटलं की मामा अजून थोडं टाका, तर म्हणायचा उद्या अजून थोडं ढकल.

उतरताना मात्र आम्हाला गाडीच्या आसपास फिरकू द्यायचा नाही. चाकाखाली घालायला लाकडाचा ओंडका बरोबर असायचा, दर वळणावर थांबून ओंडका, मग परत पुढं. आम्हाला वाटायचं उगंच भितोय. आता त्याच उतारावर पोराला सायकल शिकवताना माझा जीव वर-खाली होतो तेव्हा कळतंय.

वरचा रस्ता खालचा रस्ता हा वाद पण होता त्याचा. खालच्या रस्त्याला दुसरा गोळेवाला होता, त्याच्या हद्दीत हा जायचा नाही. कुणी आखून दिलं होतं देव जाणे.

पिंट्या कुपवाड
पों पों!! बास एवढंच लिहायला आलोय. मीटिंगमधे बसून हसतोय लगा.

सिस्टरताई
सगळं कौतुक चाललंय म्हणून जरा मीठ टाकते, राग मानू नका. मी पस्तीस वर्षं नर्सिंग केलं, मे-जून आला की काविळीची आणि जुलाबाची पोरं यायचीच. प्रत्येकाला विचारायचं, बाहेर काय खाल्लंस, की मान खाली. गारीगारचं पाणी कुठलं, तर कुणालाच माहीत नाही. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून भुशात ठेवलेली, रस्त्यावरनं ओढत नेलेली. आणि गोडी साखरेची नव्हे, सॅकरीनची, म्हणून तर खाल्ल्यावर जीभ कडवट व्हायची, आठवा. आता निदान २०१८ पासनं आपल्याकडं न खायच्या बर्फात निळा रंग टाकायचा नियम झालाय, म्हणजे मासे ठेवायचा बर्फ कुठला आणि सरबतातला कुठला ते डोळ्याला दिसतं. तेव्हा काहीच नव्हतं.

आता खरं सांगायचं तर ड्युटी संपवून घरी जाताना मी पण खायची. दुधाचं. पण ते असो.

मोगरा
सिस्टरताई, शेवटची ओळ वाचून कॉफी सांडली माझी.

बर्फवाल्याचा पोरगा
बर्फाचा विषय निघालाय आणि मी गप्प बसू? आमचे वडील मिरजेत बर्फाच्या कारखान्यात होते, मी शाळा सुटली की डबा द्यायला जायचो म्हणून सगळं बघितलंय. थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढं जा.

कारखान्यात मोठी जमिनीतली टाकी असती, तिच्यात खारं पाणी. ते खारं पाणी अमोनियाच्या मशीनवर शून्याखाली आठ-दहा अंश गार करायचं, मिठामुळं ते स्वतः गोठत नाही. त्यात पत्र्याचे उंच डबे सोडायचे, डब्यात साधं पाणी. वर लाकडी फळ्यांची झाकणं, ती झाकणं म्हणजेच जमीन, त्यावरनं माणसं चालायची. एक लादी तयार व्हायला दीड-दोन दिवस. मग डबा क्रेननं उचलून साध्या पाण्यात बुडवला की लादी सुटती आणि धाडकन बाहेर. तो आवाज मला अजून झोपेत येतो.

आता गंमत सांगतो. लादीच्या मधोमध पांढरा दुधट पट्टा असतो का नाही? पाणी कडेनं आत गोठत जातं आणि पाण्यातली हवा, क्षार, सगळं मधे ढकललं जातं, शेवटी तिथंच अडकतं. काचेसारखा बर्फ पाहिजे असंल तर डब्यात नळीनं हवा फुगवायची म्हणजे पाणी हलत राहतं. लग्नाच्या ऑर्डरला काचेसारखा, गारीगारवाल्याला कसाबी. वडील म्हणायचे त्याला कोण बघतंय, तो तर रंग घालणार.

पहाटे चारला गेटावर रांग लागायची. सोडावाले, कुल्फीवाले, गोळेवाले, मासेवाले. लोखंडी आकड्यानं लादी ओढायची, टोच्यानं रेघ मारून बरोबर अर्धी, पाव करायची. वडिलांचा हात असा होता की टोच्या चार ठिकाणी मारला की लादी सरळ फाटायची, करवत लागायची नाही. कुल्फीवाले बर्फाबरोबर खडे मीठ पण तिथंच घ्यायचे. मडक्यात बर्फ आणि मीठ कालवलं की बर्फ वितळतो पण वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि खारं पाणी शून्याच्या पार खाली जातं, प्रमाण जमलं तर वीस अंशापर्यंत. त्यात पत्र्याचे साचे, तोंडाला कणीक नायतर रबर लावून बंद. फ्रीज नाही लाइट नाही, दिवसभर कुल्फी दगडासारखी.

अमोनिया लीक झाला की मात्र सगळे बाहेर पळायचे, डोळ्यातनं पाणी. एकदा तर वडील ओला टॉवेल तोंडाला लावून आत गेले वॉल बंद करायला. घरी आल्यावर आईनं जे काही सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि मोगरा ताई, तुमच्या त्या तीनचाकीवाल्यांची नावं वडिलांना माहीत असायची. रजिस्टरात लिहावी लागायची ना, उधारी असायची सगळ्यांची.

मोगरा
काय सांगता! ते रजिस्टर आहे का कुठं?

बर्फवाल्याचा पोरगा
कारखानाच नाही राहिला ताई. रजिस्टर कुठलं.

पिंट्या कुपवाड
मीटिंग संपली. मोगरा ताई कुठला सिग्नल ते सांगा, संध्याकाळी तिकडनंच जातो मी, फोटो काढून आणतो पेंग्विनचा.

शिवसागरपार
माझी गाडी एसटी आणि त्याच्या आधी लाँच. चालेल ना?

आमचं गाव कोयनेच्या पाण्यापलीकडं. धरण झालं १९६४ ला, आमची खालची जमीन पाण्यात, गाव वर सरकलं, आणि सातारा जवळचा असून लांब झाला. मी शिकायला साताऱ्यात, सदरबझारला तिघांत एक खोली. मेसचे पैसे परवडायचे नाहीत म्हणून जेवणाचा डबा घरनं यायचा. घरनं म्हणजे कसा बघा. आई पहाटे उठून भाकऱ्या करणार, डबा धोतराच्या फडक्यात बांधून धाकटा भाऊ धक्क्यावर नेऊन देणार, तिथनं लाँचनं बामणोलीला, बामणोलीत सकाळच्या एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटखाली, मग कासवरनं सातारा स्टँड. मी कॉलेजच्या मधल्या सुट्टीत धावत स्टँडवर. तिथं माझ्यासारखी वीस-पंचवीस पोरं उभी, मेढ्याची, पाटणची, कोरेगावची. गाडी लागली की कंडक्टर खिडकीतनं नावं पुकारत डबे खाली देणार. डब्यावर ऑइलपेंटनं नाव आणि गाव. पैसे? कुणी घेतले नाहीत कधी. दिवाळीला आई त्यांच्यासाठी वेगळा डबा द्यायची, त्यावर 'कंडक्टर' असं लिहिलेलं, आत कानवले.

नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, ठेचा. तळ्यात मासा गावला तर कालवण, पण कालवण आलं की घाटातल्या वळणावर सांडणार आणि पूर्ण एसटीला वास. एकदा ड्रायव्हरनंच निरोप दिला, आईला सांग एकतर झाकण बदल नायतर माझ्यासाठी पण एक तुकडा टाक.

रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. त्यात मी चिठ्ठी टाकायचो. आईला वाचता यायचं नाही, मग लाँचवाला चिठ्ठी काढून सगळ्या लाँचला ऐकवत न्यायचा. मी गणितात गचकलो ते आईच्या आधी सगळ्या पंचक्रोशीला कळलं. सुट्टीला गेलो तर धक्क्यावर उतरता उतरता एक म्हातारी म्हणती, 'काय रं, किती इषय ऱ्हायले?'

पावसाळ्यात वारं सुटलं की लाँच बंद. मग दोन-दोन दिवस डबा नाही. तेव्हा स्टँडवरची बाकीची पोरं आपापल्या डब्यातली चतकोर-अर्धी द्यायची, न सांगता. मेढ्याचा एक होता, त्याच्या डब्यात चारच भाकऱ्या यायच्या, दोन मला. आज तो मोठा अधिकारी आहे, नाव लिहीत नाही, वाचत असला तर ओळखेल.

बोगद्याखालचा
इषय ऱ्हायले!! दादा तुम्ही पोस्ट लिहायची ती पण पूर्ण एसटीला वास येईल अशी लिहिलीय. कालवण आठवलं.

सिस्टरताई
डोळ्यात पाणी आलं हो. आमच्या हॉस्टेलला पण जतवरनं एका मुलीला असाच डबा यायचा, बाजरीची भाकरी आणि शेंगाची चटणी, अख्खी रूम वाट बघायची.

लेस्टरची मावशी
विश्रामबागची मी, आता खूप वर्षं इंग्लंडात. इथं आइस्क्रीमची व्हॅन अजून येते गल्लीत. वरती छोटा लाउडस्पीकर, त्यावर खेळण्यातल्या पेटीसारखी टिंगटिंग ट्यून, मागं मोठ्या अक्षरात लिहिलेलं, लहान मुलांना सांभाळा. आणि या टिंगटिंगचे पण सरकारी नियम बरं का! दुपारी बारा ते संध्याकाळी सातच वाजवायची, एका वेळी बारा सेकंदांच्या वर नाही. आधी चारच सेकंद होते, २०१३ ला वाढवले. आपल्याकडच्या टेंपोवाल्यांना हा नियम लावला तर कांदे विकले जायचे नाहीत.

आता मूळ किस्सा. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या होत्या, दोन-तीन दिवसच झाले असतील. दुपारी मी वर कपडे आवरत होते, खाली ट्यून वाजली. खिडकीतनं बघते तर सासूबाई लगबगीनं रस्त्यावर, अंगावर शाल, हातात कचऱ्याची काळी पिशवी! त्यांना वाटलं घंटागाडी आली. सांगलीत सवय ना, गाणं वाजलं की ओला-सुका घेऊन पळायचं. रांगेत पुढं शाळेची चार पोरं, मागं ह्या. आणि नंबर आल्यावर त्यांनी पिशवी सरळ काउंटरवर ठेवली. तो बिचारा गोरा म्हातारा, काय बोलावं कळेना, ह्या म्हणतायत 'घ्या की हो'. मी धावत खाली जाईपर्यंत त्यानं त्यांना कोनमधे आइस्क्रीम भरून दिलं होतं, वर चॉकलेटची कांडी खोचून, आणि पैसे घेतले नाहीत. सासूबाईंनी ते उभ्या उभ्या खाल्लं आणि मला म्हणाल्या, 'इथली नगरपालिका फार चांगली आहे गं.'

पिंट्या कुपवाड
मेलो मेलो मेलो. नगरपालिका!!!

मोगरा
मावशी हे फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

जर्सीकर
आमच्याकडं न्यू जर्सीत पण येतो ट्रक. या ट्रकची सुरुवात वाचली होती, अमेरिकेत ओहायोमधल्या यंग्जटाउनला हॅरी बर्ट म्हणून मिठाईवाला होता, त्यानं १९२० मधे काडीवरचं चॉकलेट लावलेलं आइस्क्रीम काढलं, गुड ह्यूमर नावानं, आणि ते गल्लोगल्ली विकायला गाड्या काढल्या. गाडीला घंटा लावल्या त्या म्हणे पोराच्या बर्फावर घसरायच्या गाडीच्या काढून. विकणाऱ्यांना पांढरा कडक युनिफॉर्म. आमच्या कराडच्या गारीगारवाल्याला मात्र बनियन आणि पट्ट्यापट्ट्याची चड्डी, युनिफॉर्मच म्हणायचा तो पण, दुसऱ्या कपड्यात कधी बघितलंच नाही.

डिग्रजची लेक
पहिल्यांदाच लिहितेय. मी दुसऱ्या बाजूची आहे. म्हणजे तुम्ही सगळे दारातनं बघत होतात, आम्ही गाडीवरनं.

वडील दूध घालायचे सांगलीत. कसबे डिग्रजवरनं सांगलीवाडी, आयर्विन पूल, गावभाग, मग पेठेत. आधी सायकल, दोन्ही बाजूला किटल्या. नंतर एम-८० घेतली, तेव्हा घरात पूजा झाली होती म्हशींच्या शेजारी गाडी उभी करून. सुट्टीच्या दिवशी मी पुढं टाकीवर बसून जायची. पहाटे पुलावर कृष्णेचं धुकं, थंडीत वडील माझे हात स्वतःच्या स्वेटरच्या बाहीत घालायचे आणि एका हातानं गाडी चालवायचे. कुठल्या घरी अर्धा लिटर, कुठल्या घरी पाव, कुठं सणाला जादा, कुणाच्या घरी बाळंतीण आहे, सगळं तोंडपाठ. वही नव्हतीच. हिशोब तुमच्या घरच्या कॅलेंडरवर, तुम्हीच मांडलेला. वडिलांनी कधी उलटून बघितला नाही. महिन्याला कुणी म्हणायचं दोन खाडे झालेत, वडील म्हणायचे बरं.

खाडा. तुमच्याकडं त्या दिवशी दूध आलं नाही एवढंच. आमच्याकडं म्हैस त्या दिवशी पण दूध देतीच की. पूर आला, पूल बंद झाला, तर दूध काय करायचं? आई खवा आटवायची, तूप काढायची, आणि तरी उरलं की गल्लीत वाटायचं. वैरण तर रोजच लागायची. २००५ ला आणि मग २०१९ ला, आयर्विनला पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हा, जनावरंच घेऊन बाहेर पडायची वेळ. पंचेचाळीसला धोक्याची पातळी म्हणजे विचार करा. वडील थकले होते तेव्हा, दूध घालायचं बंद केलेलं, पण पाण्यातनं फोन करत बसलेले, गावभागात अमक्यांच्या वाड्यात पाणी शिरलं का, तमक्या आजी एकट्या असतात त्यांना कुणी काढलं का.

पाणी घालता का दुधात, हे रोज कुणीतरी विचारायचंच. हसून. वडील पण हसायचे. मला मात्र हसू यायचं नाही.

चांगलं पण सांगते. एका वाड्यात एक आजी होत्या, मला बघितलं की गूळ-शेंगदाणे द्यायच्या आणि म्हणायच्या, शाळेत कितवीला आहेस. माझं लग्न ठरलं तेव्हा वडील पत्रिका घेऊन सगळ्या रतिबाच्या घरी गेले. बरीच मंडळी आली होती. काहींनी पहिल्यांदाच पत्रिकेवर वडिलांचं नाव वाचलं असणार.

मोगरा
ताई. गावभागातला तुमच्या वडिलांचा रतीब कुठल्या बोळात होता? आमच्या वाड्यात पहाटे एम-८० यायची, मी अंथरुणातनं आवाज ओळखायची, ती वळणावर बंद पडायची आणि परत किक मारायला लागायची.

डिग्रजची लेक
सगळ्याच एम-८० बंद पडायच्या हो वळणावर. हाहा. व्यक्तिगत लिहिते तुम्हाला.

शिवसागरपार
लेक, तुम्ही लिहीत राहा. खरंच.

एमआयडीसीचा नातू
स्कूटर, मोपेड आल्या म्हणून सांगतो, प्रिया स्कूटर आमच्या साताऱ्यात बनायची, महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात. आजोबा होते तिथं. आमच्याकडचा अंडीवाला प्रियावरनंच यायचा, पायाजवळ ट्रे, मागं ट्रे, स्वतः मधे कोंबडीसारखा बसलेला. बंद पडली की तिरकी करायची आणि मग किक. अंड्यांचे ट्रे आधी आमच्या ओट्यावर उतरवून मग तिरकी करायची. धाग्याशी संबंध थोडा कमी आहे पण राहवलं नाही.

मिरजकर
पाववाल्याला सगळे विसरलात? पत्र्याची ट्रंक सायकलला, त्यात खारी, बटर, नानकटाई, आणि वरच्या कप्प्यात पाव गरम गरम. आमच्याकडचे चाचा पहाटे फजरची नमाज झाली की भट्टीवरनं माल उचलून निघायचे. घंटी एकदाच वाजवायचे, दुसऱ्यांदा नाही, उठलात तर उठलात. रमजानमधे स्वतःचा रोजा आणि आम्हाला ट्रंक उघडून विचारणार, आज कुठली खारी, ही ताजी आहे ती घे. ईदला शीरखुर्म्याचा डबा त्याच ट्रंकेतनं यायचा. त्याला नानकटाईचा वास लागलेला असायचा, आणि खरं सांगू, तसा शीरखुर्मा परत कुठं मिळाला नाही.

रॉकेलवर कुणीतरी लिहा. मला फक्त निळा रंग आणि नरसाळं आठवतंय.

बोगद्याखालचा
रॉकेलचं एवढंच आठवतंय की रांगेत डबा ठेवायचा आणि आपण खेळायला जायचं, डबा उभा राहायचा आपल्या जागी. आमच्या डब्याला तार बांधलेली म्हणून लांबनं ओळखू यायचा. दोनदा ढापला गेला तरी.

पिंट्या कुपवाड
जाऊन आलो. पेंग्विन नाही. तिथला पोरगा म्हणला कालच लोड गेला. सायकल गेली म्हणतो पण पेटी कुणीतरी वेगळी नेली, हॉटेलवाला होता म्हणे, शोला लावणार. च्यायला.

लेस्टरची मावशी
हॉटेलात शोला! आता त्यातनं तीनशे रुपयाला गारीगार विकतील बघा, काचेच्या ग्लासात उभं करून.

सिस्टरताई
पाणी तरी आरओचं असेल.

मोगरा
जाऊ दे. पिंट्या, गेलास हेच खूप. मला एक विचारायचंय, पॉट आइस्क्रीमचा पॉट कुणाकडं आहे का अजून? लाकडी बादलीवाला, हँडल फिरवायचा. आधी सुट्टीत भाड्यानं मिळायचा पेठेत, आता विचारलं तर दुकानदार माझ्याकडंच बघत राहिला. भाचरं यायची आहेत.

मिरजकर
आमच्या माळ्यावर आहे. बादलीची एक पट्टी सुटलीय पण पाण्यात भिजत घातली की लाकूड फुगून बसतं.

बर्फवाल्याचा पोरगा
बादलीच्या कडेला वरती एक भोक असतं ते मोकळं आहे का बघा आधी. त्यातनं खारं पाणी बाहेर पडायला पाहिजे, नाहीतर ते झाकणापर्यंत चढतं आणि सगळं आइस्क्रीम खारट. निम्म्या घरांत ह्याच कारणानं पहिला पॉट वाया जायचा आणि बोल लावायचे बर्फाला. एक थर बर्फ, एक थर खडे मीठ, बारीक मीठ नको, लगेच विरघळतं. बर्फ गोणपाटात घालून मुसळानं फोडायचा. आणि हँडल थांबवायचं नाही, घट्ट झालं की पोरांच्यानं फिरत नाही, तेव्हा थोराड माणूस बसवायचा.

पिंट्या कुपवाड
थोराड माणूस हजर आहे. बर्फ मी आणतो कुपवाडवरनं.

मोगरा
मग ठरलं, आंबा येऊ दे फक्त. आटवलेलं दूध, साय आणि हापूसचा रस.

मिरजकर
पॉट देतो, पण कस्टर्ड पावडर घालणार असाल तर देत नाही. आत्ताच सांगा.

मोगरा
थोडीशी?

मिरजकर
नाही.